शिवेवरचा पलंग

थर्झा लगच्या घरातून गावाची शीव जात होती. घराजवळून नव्हे, घरातून. पुढच्या दाराने आत, धुराड्याला घासून, मागच्या खिडकीतून बाहेर. डावीकडची खोली ऑल्डरकोमची, उजवीकडचं स्वयंपाकघर शेजारच्या स्टोक गावचं. कोण्या आळशी गवंड्याला शिवेचा दगड हलवायचा कंटाळा आला असणार, दुसरं काय.

थर्झा जन्माने स्टोकची. ऑल्डरकोमच्या अमोस लगने तिला मागणी घातली तेव्हा तिची आई म्हणाली होती, "लांब पडेल गं पोरी." लांब म्हणजे मध्ये एक ओढा. अमोस शेतांची कुंपणं विणायचा आणि रविवारी चर्चची घंटा ओढायचा. थर्झा घरी बसून शहरातल्या कारखान्यासाठी चामड्याचे हातमोजे शिवायची. बड्या बायकांच्या हातांना ऊब देण्यात तिचा जन्म गेला, पण स्वतःच्या हातात कधी मोजा चढवला नाही.

शिवेवर राहणारा माणूस कोणत्या गावचा, याचा निकाल जुन्यांनी लावून ठेवला होता. पलंग ज्या गावात, माणूस त्या गावचा. जेवता कुठे ते कोणी विचारत नसे. लग जोडप्याचा पलंग डावीकडच्या खोलीत होता, म्हणून दोघं ऑल्डरकोमची, आणि अमोस गेला तेव्हा ऑल्डरकोमच्या चर्चच्या आवारात यूच्या झाडाखाली त्याला जागा मिळाली. शेजारची जागा थर्झाने डोळ्यांनीच राखून ठेवली होती.

मग तिने घोळ घातला. खोलीला ओल धरायची, गुडघे रात्रभर ठणकायचे. गेल्या शरदात भाचा आला होता, त्याच्याकडून तिने पलंग शेगडीजवळ हलवून घेतला. स्वयंपाकघरात. स्टोकात. त्या घटकेला शीव तिच्या मनातही आली नाही. ऊब तेवढी आली.

नाताळानंतर पंचांनी ठरवलं की आवारात जागा थोडी उरली आहे, यापुढे ती फक्त ऑल्डरकोमच्याच माणसांना. हे ऐकलं आणि थर्झा उठली. तिने एकटीने पलंग ढकलून पाहिला, पण तो होता अस्सल ओकचा, तसूभर हलेना. भाचा तोवर बोटीवर नोकरीला लागला होता. शेजाऱ्यांना हाक मारावी, तर आपण हिवाळाभर स्टोकात झोपलो हे आपल्याच तोंडाने सांगायचं. ते तिला जमेना. मानी बाई, जीव गेला तरी चालेल, पण याचना नको.

बरं, लपवावं तर मे महिना तोंडावर. त्या महिन्यात सारा गाव आपली हद्द पक्की राहावी म्हणून हातात वाळुंजाच्या काठ्या घेऊन शीव चालायला निघतो, दगडा-दगडाला काठी हाणतो, आणि थर्झाच्या घरातून आरपार जातो. पुढे असतो चर्चचा कारभारी ह्यूबर्ट यो. त्याचं आणि थर्झाचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. एका ईस्टरला ती त्याने चर्चमध्ये मांडलेल्या फुलांना "मांजराचा वास येतो" म्हणाली होती, आणि ह्यूबर्ट विसरणाऱ्यांतला नव्हता.

मंडळी आली. ह्यूबर्टने उंबऱ्यावर काठी हाणली आणि आत पाऊल टाकलं. पलंग समोरच होता, रजईसकट, पायथा मागच्या खिडकीपुढे आलेला. मागून कोब्ले खाटीक पुटपुटला, "पलंग तर स्टोकात आहे की."

थर्झा शेगडीपाशी उभी होती, हात एप्रनमध्ये गुंडाळून. अमोसशेजारी आता दुसरंच कोणी निजणार, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं, आणि ती रडायच्या बेतात होती.

ह्यूबर्टने पलंगाकडे पाहिलं, धुराड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहणं टाळलं. "हे काय गं थर्झा? गावाच्या वाटेत पलंग?"

"बाजूने जाऊ या की," नवे पाद्रीसाहेब म्हणाले. भला माणूस, पण शहरातला.

"शिवेच्या बाजूने जात नसतात, साहेब. शिवेवरूनच जातात."

"मग थोडा उजवीकडे सरकवा," कोब्ले म्हणाला.

"उजवीकडे शेगडी आहे. बाईला भाजून काढतोस का? तुझं दुकान तिकडे." ह्यूबर्टने कोट काढून दाराला अडकवला. "चौघे जण या. डावीकडच्या खोलीत न्यायचा. आणि वाटेत आलेला पलंग पुन्हा वाटेत दिसता कामा नये, सांगून ठेवतो."

पलंग उचलला गेला. खोलीच्या फरशीवर त्याच्या पायांचे जुने खळगे होते. पाय बरोबर त्यांत बसले. थर्झा सगळ्यांदेखत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली, पायात बूट तसेच.

मंडळी एकेक करून खिडकीतून बाहेर उतरली. ह्यूबर्ट शेवटी राहिला. त्याने खोलीच्या भिंतीला हात लावला, बोटं ओली झाली ती पँटला पुसली.

"ओल फार आहे इथे," तो म्हणाला. "गुडघे धरतील तुझे."

"धरू देत," थर्झा म्हणाली. "अमोस सहा वर्षं ओलीतच निजलाय. मलाही सवय व्हायला हवी."