बिननावाची कविता

त्या शनिवारी माझा भाऊ अकोल्याहून घरी येताना बडनेऱ्याच्या अलीकडे रेल्वेतून पडला आणि मेला.

पोलिसांनी अपघात लिहिला. डब्यातल्या एका प्रवाशानं सांगितलं, की स्टेशन यायच्या आधी तो जागेवरून उठून दाराशी गेला होता. त्यात नवीन काही नव्हतं. गाडी थांबायच्या आधीच दारात जाऊन उभं राहायची त्याला लहानपणापासून सवय. पुढचं कोणी पाहिलं नव्हतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला माय म्हणायची, "पाय घसरला त्याचा." बाकी काही नाही. तेवढ्या शब्दांच्या आधारानं ती दोन घास खात होती, डोळे मिटत होती.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. पेपर उघडला की आतल्या पानावर कुठल्या ना कुठल्या गावातल्या शेतकऱ्याचं नाव असायचं. अशा बातम्यांची लोकांना इतकी सवय झाली होती, की कोणीही गेलं तरी आवाज खाली आणून पहिला प्रश्न तोच विचारायचे: "औषध घेतलं का?" माझा भाऊ शेती करत नव्हता. अकोल्यात एका कचेरीत नोकरीला होता, दर शनिवारी अमरावतीला आमच्याकडे यायचा. पण दर्यापूरकडे आमचं थोडं वावर होतं, ते ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या पैशांवर, दुसऱ्याला कसायला दिलेलं होतं, आणि लोकांना तेवढं पुरे होतं. दहाव्याला शेजारच्या काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, "खरं सांग व पोरी, पडला का त्यानं..." पुढचं त्यांनी हातानं विचारलं. माय ओट्यापाशी उभी होती. तिनं कुकरचं झाकण लावलं आणि पदराला हात पुसले. तिनं ऐकलं होतं.

भाऊ कविता करायचा. यमक नसलेल्या, गाता न येणाऱ्या, पहिल्यांदा वाचल्यावर काही हाती न लागणाऱ्या. मी शाळेत मराठी शिकवते, तरी मला त्या कळायच्याच असं नाही. त्याला विचारलं तर म्हणायचा, "ताई, मले मालूम असतं तं मी कविता कायले लिहिली असती?"

आमच्याकडे एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा काही लोक कविता वाचायला जमायचे. मीही जायची. तिथली एक रीत होती. कविता कवीचं नाव न सांगता वाचायची. दोनदा. मग गोल बसलेल्या प्रत्येकानं पाळीपाळीनं तिचा अर्थ लावायचा. कवी तिथंच, त्यांच्यातच बसलेला असायचा, पण सगळ्यांचं बोलून होईपर्यंत त्यानं तोंड उघडायचं नाही, चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नाही. शेवटी त्याचं नाव सांगायचं आणि त्याला बोलू द्यायचं. नव्या माणसाला हे फार अवघड जायचं. एकदा एका कवीच्या कवितेतली प्रेयसी सगळ्यांनी म्हैस ठरवली होती आणि तो बिचारा घामाघूम होऊन छताकडे बघत बसला होता. माझ्या भावाला ही रीत अतिशय आवडायची. आपल्याच कवितेबद्दल लोक काहीबाही बोलत असताना तो अगदी परक्यासारखा मान हलवायचा.

तो गेल्यावर महिन्याभरानं वाचनालयाचे सर घरी आले. ते निवृत्त मुख्याध्यापक, मंडळ तेच चालवायचे. भावानं पुढच्या बैठकीसाठी एक कविता त्यांच्याकडे आधीच दिलेली होती.

"तुमची हरकत नसेल तर वाचू म्हणतो," ते मला म्हणाले. "नेहमीच्याच पद्धतीनं. श्रद्धांजली वगैरे नको. त्याला ते आवडलं नसतं."

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. मी वाचला आणि घडी करून परत दिला. नको म्हणावं असं वाटलं, पण माय समोर बसली होती आणि माझ्याच तोंडाकडे बघत होती.

"काय लिहिलं हाय त्यानं?"

"कविता आहे, माय. तुला नाही कळायची."

"मले त्याचं बोलनं कळत होतं. लिहिलेलं कावून नाई कळणार?" मग सरांकडे वळून म्हणाली, "मीबी येईन."

सर म्हणाले, "या ना आजी."

बैठकीपर्यंतचे दिवस मी ती कविता मनातल्या मनात म्हणत काढले. एकदाच वाचली होती, पण पाठ झाली होती. ती अशी होती:

दाराला चौकट नाही.
चौकटीला भिंत नाही.
नसलेल्या भिंतीपलीकडून
कोणी माझ्या नावाचं बी मागतं.
मी मूठ उघडतो:
वारा.
आता उतरतो म्हणालो
आणि पायरी निघून गेली.

कोणी काहीही म्हणो, मला त्यात रेल्वेचं दार दिसत होतं. ते दार मायला दिसलं तर काय, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. पोलिसांच्या कागदानं जे तिच्याकडे राहू दिलं होतं, ते त्या खोलीतली चांगली, शिकलेली माणसं पाळीपाळीनं काढून घेतील अशी मला भीती वाटत होती.

रविवारी आम्ही रिक्षानं गेलो. जिना चढताना माय दोनदा थांबली. वरच्या खोलीत सतरंजी घातलेली होती, तिला भिंतीशी खुर्ची दिली. बहुतेकांना सगळं ठाऊक होतं, त्यामुळे कोणी आमच्याकडे बघत नव्हतं. सरांनी कविता पहिल्यांदा वाचली तेवढ्यात अकोल्याचे एक प्राध्यापक धापा टाकत आले. बस रस्त्यात बंद पडली होती म्हणाले आणि मोकळ्या जागी बसले. ते दुसऱ्यांदाच येत होते. कविता कोणाची, ती म्हातारी कोण, त्यांना काही माहीत नव्हतं. आणि रीत अशी, की सांगायचंही नाही.

सरांनी दुसऱ्यांदा वाचली. माय डोळे मिटून ऐकत होती.

पहिली पाळी कृषी केंद्रवाल्या भाऊसाहेबांची आली. बियाणं-खताचं दुकान चालवणारा माणूस, पण एक बैठक चुकवायचा नाही. घसा खाकरून म्हणाले, "हे सरळ हाय. बोगस बियान्यावर हाय. बी मागतलं, मूठ उघडली, आत काईच नाई. उगवलंच नाई."

"भाऊसाहेब, मांगच्या टायमाले चंद्रावरच्या कवितेतबी तुमाले बियाणंच दिसलं," शेजारी बसलेले चाचा म्हणाले. त्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं, उर्दू शायरी तोंडपाठ.

"मंग तुमी सांगा."

"मी काय सांगू? शेर असता तं एका दमात सांगतलं असतं. ह्या नव्या कवितेत शायर घर बांधते अन् आपणच भिंत काढून घेते." चाचांनी मायकडे एक नजर टाकली आणि पटकन खाली बघितलं. "मले तं वाटते, घराची आठवण हाय. लहानपणाचं घर. दुसरं काई नाई."

खोलीत जरा हसू झालं. पुढच्या दोघातिघांनी चाचांचाच धागा धरला. जुनं घर, गाव सुटणं, शहरात आलेला माणूस. एक बाई म्हणाल्या, पायरी म्हणजे पिढी. सगळे मायला जपत होते आणि ते इतकं उघड दिसत होतं, की मला बसवेना. मी तिच्याकडे पाहिलं. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बारकाईनं बघत होती. बाजारात भाव ऐकून घेताना बघायची तसं.

मग प्राध्यापकांची पाळी आली. हुशार माणूस होता. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा वर केला.

"क्षमा करा, पण आपण सगळे ह्या कवितेला वळसा घालतोय," ते म्हणाले. "ह्यात आठवण कुठं आहे? क्रियापदं बघा. नाही, नाही, उघडतो, उतरतो. कवी एकेक गोष्ट सोडत चाललाय. आधी भिंत, मग नाव, मग मूठ. शेवटी फक्त पाय उचलायचा उरलाय."

"प्रोफेसरसाहेब, पाणी घ्या," चाचा म्हणाले.

"नको. आणि आपण कुठल्या भागात बसून ही कविता वाचतोय? रोज पेपरात काय येतंय? माझ्या मते हा निरोप आहे. ह्या माणसानं जायचं ठरवलंय. नुसतं सांगत नाहीये."

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती. सरांनी मान खाली घातली होती. प्राध्यापकांना वाटलं असावं, आपण बोललो ते पटलं म्हणून लोक गप्प झाले. ते चष्मा पुसू लागले.

"आता पाळी कोणाची?" मायनं विचारलं.

"आजी, तुम्ही... तुम्ही नुसतं ऐकलं तरी चालेल," सर म्हणाले.

"कावून? समदे बोलले. मीबी बोलते." ती खुर्चीत पुढं सरकली. "ते उतरतो म्हणते ना, ते मले मालूम हाय. बडनेरा आलं का तो फोन करे. 'माय, आता उतरतो, चहा ठेव.' दर शनिवारी. त्या दिवशीबी केला. मी चहा ठेवला होता."

प्राध्यापकांचा चष्म्यावरचा हात थांबला. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी," ते म्हणाले, "मला कल्पना नव्हती. मी फक्त शब्दांबद्दल... तुमचंच बरोबर आहे. अगदी बरोबर. फोनवरचं वाक्य आहे ते. घरी यायचं वाक्य."

"मघा तं असं नव्हते म्हणत तुमी."

"मघा मला माहीत नव्हतं."

"मी कोण हाय ते मालूम नव्हतं. कविता तं तीच हाय ना?" मायचा आवाज चढलेला नव्हता. "मंग मघा खरं बोलले का आता बोलून राहिले?"

चाचा म्हणाले, "अम्मा, जाऊ द्या," पण तिनं ते ऐकलंच नाही. "अन् पायरी निघून गेली म्हंते, ते काय? ते तं तो फोनवर कधी म्हणे नाई. ते कोणी सांगा मले. सांगत असाल तं खरं सांगा. तोंड पाहून नका सांगू."

ती सगळ्यांकडे बघत होती आणि सगळे कागदाकडे. भाऊसाहेबांनीसुद्धा मान वर केली नाही.

सरांनी प्राध्यापकांकडून कागद परत घेतला. मग हळू आवाजात भावाचं नाव सांगितलं, रीतीप्रमाणे. म्हणाले, "शेवटी कवीनं बोलायचं असतं. तो नाही. ताई, त्याच्या जागी तुम्ही बोलता का?"

माय माझ्याकडे वळली.

मला बोलता आलं असतं. त्यानं मला सांगितलं होतं म्हणाले असते तर कोणी शंका घेतली नसती. लहानपणी आजोळच्या घराचं दार एका पावसाळ्यात पडलं होतं, त्याच्यावर आहे म्हणायचं. चाचांनी तर लगेच मान डोलावली असती. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मायचं तोंड इतकं जवळ होतं, की तिच्या पापण्यांमधलं पाणी मला दिसत होतं. आणि मला हेही दिसत होतं, की मी काय म्हणते याच्यापेक्षा मी ते कशी म्हणते, हे ती बघणार आहे. त्या खोलीतल्या सगळ्या माणसांना ती तशीच बघत आली होती.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "त्यानं मला कधी सांगितलं नाही. मी मनात पुष्कळदा म्हटली. मला एकदा एक वाटतं, एकदा दुसरं."

सरांनी बैठक संपवली. चहा आला, कोणी घेतला, कोणी नाही. प्राध्यापक मायच्या पाया पडले. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बस पाहून जाजा. मांगच्या सीटवर नका बसू, दचके लागते."

परतताना राजकमल चौकात गर्दी होती, रिक्षा थांबली. तेव्हा तिनं विचारलं, "तुले मालूम असतं तं सांगतलं असतं का?"

"हो."

"वाईट असतं तरी?"

मी तिच्याकडे वळले. "हो, माय."

तिनं माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. "मंग ठीक हाय," म्हणाली. काय ठीक, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर कोणी भेटायला आलं आणि विचारलं, तर "पाय घसरला" असं तिनं म्हटल्याचं मला आठवत नाही. "मालूम नाई," म्हणायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायची. लोक विषय बदलायचे. त्या दिवसांत ती रात्री उठून बसायची, जेवण कमी झालं होतं, आणि मला वाटायचं की मी तिच्याकडून एक गोष्ट काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच दिलं नाही. एका संध्याकाळी तिनं मला ती कविता वाचायला सांगितली. वाचून झाल्यावर म्हणाली, "आज मले वाटते, गाडीनंच त्याले फसवलं." दुसऱ्या कधीतरी म्हणाली, "थकला होता तो. दमला होता. मले सांगत नव्हता." आणि एकदा बराच वेळ विचार करून, "बी कोन मागत असन त्याले? लग्नाचं म्हणत होतो आपण, ते असन काय?"

मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. ती विचारते तेव्हा मला त्या दिवशी जे वाटत असेल ते सांगते.

माय आता फार थकली आहे. तिला कमी दिसतं. वावर आम्ही विकलं. मंडळ बंद पडलं, वाचनालय आहे. कवितेचा कागद सरांनी मला दिला, तो माझ्याकडे आहे. माय वाच म्हणाली, की मी ती कविता वाचते, आणि मग आम्ही दोघी तिच्याबद्दल बोलतो.