चिठ्ठी नसलेला अर्ज

बदल्यांच्या टेबलावर बसलेल्या कारकुनाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, राव. तो जागचा हलत नाही, किस्सेच अर्ज घेऊन समोर येतात! जुन्नर तालुक्यातल्या त्या टेबलावर मी उमेदीची सगळी वर्षं काढली. मे महिना आला की समोर ग्रामसेवकांची रांग, आणि प्रत्येकाच्या अर्जाला टाचणीनं लावलेली कुणातरी बड्या माणसाची चिठ्ठी.

सगळ्यांना हवं नारायणगाव. हायवे, दवाखाने, पोरांना इंग्लिश मीडियम. ते नाही जमलं तर बेल्हे. आणि नको असलेलं गाव एकच, घाटघर! धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही, मोबाईलला रेंज नाही, एसटी आली तर आली.

त्या घाटघरला आमच्या कमलताई पाच वर्षं ग्रामसेविका होत्या. आई बेल्ह्याला, अर्धांगवायूनं अंथरुणावर, शेजारणीच्या भरवशावर. ताई दर शनिवारी तीन गाड्या बदलून आईकडे जायच्या. दर मे महिन्यात बेल्हे मागायच्या, आणि दर वेळी ते दुसऱ्याच कुणाला जायचं. त्यांच्या अर्जाला चिठ्ठीच नसायची ना! मी चिडून म्हणायचो, “ताई, एखादी तरी चिठ्ठी आणा हो!”

त्या हसायच्या. “भाऊ, माझ्या वळखीतलं सगळ्यात मोठं माणूस म्हंजी तुमीच!”

मला फार वाईट वाटायचं.

*

बाकी चिठ्ठ्यांची गंमत विचारू नका. एका पुढाऱ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरमध्ये नमुना तयार असायचा, फक्त नाव टाकायचं. एकदा घाईत तेच राहून गेलं. चिठ्ठीत छापून आलं, ‘श्री. नाव येथे लिहा हे माझे अत्यंत निकटचे सहकारी आहेत.’ खाली झोकदार सही!

आमच्या साहेबांनी ती दोनदा वाचली आणि गंभीरपणे विचारलं, “हे ‘येथे लिहा’ आडनाव कुठलं हो? आपल्या तालुक्यातलं वाटत नाही!”

*

त्याच पुढाऱ्यानं एकदा नारायणगावच्या एका जागेसाठी तीन माणसं पाठवली. तिघांच्या चिठ्ठीत एकच वाक्य, ‘हे मला सख्ख्या भावासारखे आहेत.’

साहेबांनी तिघांना एकदम आत बोलावलं. “भाऊ तीन आणि खुर्ची एक. आधी आपसांत वाटणीपत्र करा, मग या!”

*

आमचे शिपाई पांडूनाना. त्यांचा साडू मंत्रालयात होता. बस्स! बदलीवाले आधी नानांना नमस्कार करायचे, मग साहेबांना. कुणी द्राक्षाची पेटी आणून द्यायचा, कुणी घरी सोडायला गाडी काढायचा. एकदा हा साडू लग्नाला नारायणगावात आला, तेव्हा कळलं की तो मंत्रालयात लिफ्ट चालवतो!

सगळे नानांवर तुटून पडले. नाना शांतपणे तंबाखू मळत म्हणाले, “अरं, मोठमोठ्या सायबांना वर कोन नेतं? त्योच की!”

*

आता माझं पाप सांगतो. कमलताईंच्या आईची तब्येत जास्तच ढासळली, तेव्हा मला राहवेना. मंचरच्या माझ्या मेव्हण्याला म्हटलं, साहेबांना फोन लाव, मंत्रालयातून बोलतोय म्हण, आणि ताईंचं नाव घे. साहेबांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. मेव्हणा झकास बोलला हो! पण मागून जीपवाला ओरडला, “चला घोडेगाव, घोडेगाव! एक सीट, एक सीट!”

साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. “मंत्रालयासमोरून घोडेगावची जीप कधी सुरू झाली?”

मी मान खाली घालून सगळं खरं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “हे आधीच सांगायचं होतं. करा ऑर्डर, बेल्हे.”

मी लगेच घाटघरच्या ग्रामपंचायतीत निरोप धाडला. त्या शनिवारी ताईंनी तो आईला सांगितला.

*

दोन दिवसांनी ऑर्डर सहीला ठेवली होती. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. बाईचा आवाज, म्हातारा, अडखळत.

“सायेब, मी कमळीची आई. शेजारनीच्या फोनवरनं बोलतीय. तिची बदली करू नका.”

साहेब गडबडलेच. “आजी, पाच वर्षं ती तुमच्यासाठीच अर्ज करतेय!”

“म्हनूनच सांगतीय. हितं आली की माझ्या उशाशी बसंल, मंग उठायची न्हाई. तिकडं पलीकडल्या गावाला तुमचाच येक ग्रामसेवक हाय. लई चांगला हाय. लगनासाठी कवाचा थांबलाय. ही व्हय म्हनंना, माझ्यापायी. तिला तिथंच ऱ्हाऊ द्या, सायेब.”

“आणि तुमचं कोण करणार, आजी?”

“माझं सोडा वो तुमी.”

फोन बंद झाला. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “पती-पत्नी एकत्रीकरणाचा फॉर्म काढा.”

नवरा-बायको दोघं नोकरीत असले तर दोघांना एका ठिकाणी आणायचा तो फॉर्म. मी म्हटलं, “साहेब, लग्न कुठं झालंय त्यांचं?”

“मग कोराच द्या! लग्न झालं की दोघंही बेल्ह्याला!”

बुधवारी कमलताई ऑर्डर न्यायला आल्या. मी तो फॉर्म पुढं सरकवला. त्या वरून वाचत आल्या आणि ‘पतीचे नाव’ या रकान्यापाशी थांबल्या. चेहरा लाल झाला, डोळे भरून आले.

“भाऊ, ह्ये कुनी सांगितलं तुमाला?”

“वरून फोन आला होता, ताई.”

त्यांनी ओढणीनं डोळे पुसले आणि हळूच म्हणाल्या,

“भाऊ, पेन द्या जरा.”