हिच्या लुगड्याची झोळी

आमची ही श्रावणात गेली. दिवाळी कधी आली न् गेली, मला कळलं नाही. त्यानंतर माझ्या उसाला तोड आली आणि बीडकडची टोळी घरामागच्या शेतात पाचटाच्या कोप्या घालून राहिली.

माझ्या घराला लागून गावची शाळा आहे. टोळीतली एक सात-आठ वर्षांची पोर रोज शाळेच्या खिडकीशी उभी असायची, कडेवर भाऊ. बाईंनी तिला आत बोलावलं होतं, पण भाऊ रडायला लागला की वर्गात कुणाला काही ऐकू येईना. म्हणून पोर बाहेर. भाऊ झोपला की त्याला ऊस भरायच्या ट्रॉलीखाली सावलीला टाकायचं आणि राखत बसायचं, हे तिचं काम.

गावात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मलाही एरवी वाटलं नसतं, खरं सांगतो. पण माझा पोरगा जर्मनीत आहे. गेल्या साली त्यानं माझ्या नातीला तिथल्या शाळेत घातलं. भाषेचा एक शब्द येत नव्हता तिला. लघवीला जायचं कसं विचारायचं ते कळेना, म्हणून पहिल्या आठवड्यात दोनदा कपड्यात झाली. फोनवर आमच्याशीही बोलायची बंद झाली. ही रोज विचारायची, "आज कुणी बोललं का गं तुझ्याशी?" पोर फोनच्या पडद्यावर नुसती नाही म्हणून मान हलवायची. मग तिथल्या बाईंनी पाण्याची, संडासची, डब्याची चित्रं काढून तिच्या गळ्यात अडकवली. तिथलीच एक पोरगी तिला सोबतीला दिली, सगळीकडं हात धरून न्यायला. महिन्याभरात नात हसायला लागली. त्या परक्या पोरीला हिनं फोनवरून किती आशीर्वाद दिले असतील, मोजदाद नाही.

एके दिवशी मी बांधावर असताना ड्रायव्हरनं न बघता ट्रॉली मागं घेतली. पोर जीव खाऊन ओरडली. चाक बाळापासून वीतभर अंतरावर थांबलं. ड्रायव्हर वर पोरीलाच शिव्या द्यायला लागला. तिची आई कोयता टाकून फडातून धावत आली. मी तिच्या आईला म्हटलं, "बाळ माझ्या सोप्यात ठेव. पोरीला शाळंत जाऊ दे."

"बाबा, तुमाला जमंल का?"

"तीन पोरं वाढवल्यात मी."

खोटं बोललो. पोरं हिनं वाढवली. मी झोळीला कधी हात लावला नव्हता.

झोळीला मऊ कापड लागतं एवढं मात्र ठाऊक होतं. ट्रंक उघडली, हिचं नेसून नेसून मऊ पडलेलं लुगडं काढलं आणि तुळईला बांधलं. बाळ झोपलं. पोर वर्गात बसली. सहा दिवस शाळेत गेली. मी लंगोट धुतले, पेज भरवली. घरात कुणाचा तरी आवाज होता.

सातव्या दिवशी बाळाची आई पाजायला आली. झोळीवर हात फिरवून म्हणाली, "लय मऊ हाय लुगडं. आजी कुठं गेल्या?"

"मेली. श्रावणात."

तिनं बाळ उचललं. "राग मानू नका बाबा. मेल्या माणसाचं लुगडं नगं. मागं माझं एक लेकरू गेलंय."

"नवं कापड आणतो की."

"नगं बाबा." गेली ती.

दुसऱ्या दिवशी पोर परत ट्रॉलीपाशी.

माझी थोरली बहीण कोरेगावच्या बाजाराला आली की माझ्याकडं डोकावते. तिला सगळं सांगितलं. वाटलं, चार शब्द बरे बोलेल.

"येडा हायस का रं? वर्ष व्हायच्या आत तिचं लुगडं झोळीला बांधलंस, आन् वर सांगितलंस मेली म्हणून?"

"मग काय सांगू? बाजारला गेली?"

"आहेव गेली म्हणून सांगायचं! एवढं कळत न्हाई?"

नव्हतं कळलं. नवरा जिवंत असताना बाई गेली की बायका त्याला आहेव जाणं म्हणतात, भाग्य म्हणतात. मला त्यात भाग्य कुठं दिसलं नव्हतं. माझ्या लेखी ती मेली होती.

आक्का कुंकवाचा करंडा घेऊन तडक कोपीवर गेली. मी मागं. "हे बघ गं," ती त्या बाईला म्हणाली, "माझी भावजय आहेव गेली. मळवट भरून, हिरवा चुडा घालून नेली. दाल्ला ह्यो बघ, जित्ता उभा हाय. ह्याला बोलायची अक्कल न्हाई, त्याचा राग लेकरावर काढू नगंस."

कोपीतल्या बायका हसल्या. ती हसली नाही. तिनं विचारलं, "दुखणं हुतं का त्यास्नी?"

"न्हाई. झोपंत गेली."

"लेकरं?"

"तीन. समदी जित्ती."

बाईनं डोक्यावर पदर ओढला. मग तिनं आक्कापुढं कपाळ केलं. कुंकू लावून घेतल्यावर माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबास्नी झोळी बांधता येत न्हाई. गाठ ढिली हुती."

"त्याला काय येतंय!" आक्का म्हणाली.

सकाळी तोडीला जायच्या आधी ती आली. माझी गाठ सोडली, स्वतःची मारली, आपला सगळा भार टाकून बघितली. मगच बाळ आत ठेवलं. पोरीचे केस तिनं माझ्या उंबऱ्यावर बसून विंचरले आणि तिला शाळेकडं ढकललं.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडं हजेरी सुरू झाली. पोरीनं "हजर" इतकं मोठ्यांदा म्हटलं की झोळीतलं दचकून रडायला लागलं. मी झोका दिला. "नीज रं," म्हटलं, "तुझी ताईच हाय ती."