सुनंदामावशींचे बूट

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. सुनंदामावशींचा पाय मी बिघडवला—चुकून नव्हे, समजून-उमजून.

खंडाळ्याच्या एका हॉटेलात मी हाउसकीपिंगचा सुपरवायझर. मावशी वराळ्याहून यायच्या, खोल्या आवरायच्या. एका दुपारी ड्युटीवर असताना मी रिकाम्या खोलीत आडवा झालो. मॅनेजर मला शोधत आला, तेव्हा मावशींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "भाऊ व्हय? वरच्या खोलीत घोरत्यात की!"

खोटं होतं का ते? नाही. पण त्यानंतर जिन्यात कुणी ना कुणी विचारायचंच, "भाऊ, गादी टाकू का? एसी लावू?" सगळे हसायचे. मी मावशींकडे बघून दात-ओठ खायचो.

आणि मग माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. अंगठा शेजारच्या बोटावर कललेला, त्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं. मी लगेच ओळखलं—कसं नाही ओळखणार? माझ्या डाव्या पायाला तेच आहे. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. पुढून रुंद बूट घाला, टाच उंच नको, अंगठ्याशेजारी सिलिकॉनचा तुकडा ठेवा, सुजलं तर बर्फ. यानं हाड सरळ होत नाही, दुखणं आवरतं; फारच झालं तर ऑपरेशन. आणि निमुळते बूट? त्यांच्या वाटेलाही जाऊ नका, म्हणाले होते.

मी नेमकं तेच वापरलं.

मावशी मऊ कापडी चपला घालून काम करायच्या. ती सवलत मीच दिलेली, मीच काढून घेतली. युनिफॉर्मचे काळे बूट घालायलाच हवेत, म्हणालो. स्टोअरमध्ये पुढून रुंद जोड होता. तो मी खोक्यांमागे सरकवला आणि निमुळता जोड त्यांच्या हातात दिला.

"भाऊ, लय चावतोय ओ."

"नवा आहे मावशी, चावणारच. मग बसेल पायात."

त्यांनी विश्वास ठेवला. नवी चप्पल चावली की आपल्याकडे करतात, तसं घरून बुटाला आतून खोबरेल चोळून आणायच्या. दाबलं जात होतं हाड—तेल काय करणार त्याला? मला ठाऊक होतं. त्या कठडा धरून जिना चढायच्या, मध्येच थांबायच्या, आणि मी खाली उभा राहून ऐकायचो. सांगायला जड जातंय—पण बरं वाटायचं. फार बरं वाटायचं. बोलायचं होतं ना हिला? बोल म्हणावं आता.

एका गर्दीच्या रविवारी त्या पॅसेजमध्येच खाली बसल्या. बूट काढला. सांधा लालभडक सुजलेला. बूट परत चढेना. मला म्हणाल्या, "माजाच पाय वंगाळ, भाऊ. तुमी तरी काय करनार?"

तेव्हाही मी तो रुंद जोड खोक्यांमागून काढला नाही. त्या पुन्हा कामावर आल्या नाहीत.

गेल्या महिन्यात वराळ्याला गेलो. मावशी दारात बसलेल्या, पायात ब्लेडनं बाजू कापलेली चप्पल. मला बघून हसल्या, चहा ठेवायला उठू लागल्या. मी त्यांना बसवलं, आणि उभ्यानंच बोललो—

"मावशी, तुम्हाला बसेल असा जोड स्टोअरमध्ये होता. मी लपवला. त्रास होणार हे माहीत असून निमुळता दिला. मॅनेजरला तुम्ही खरं सांगितलंत, त्याचा सूड उगवला. माझं चुकलं, मावशी."