बेसबॉलच्या पोट्ट्यांची दृष्ट

रायपूर राजधानी झालं, यांचं ऑफिस जुन्या दवाखान्याच्या इमारतीत गेलं, आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी आमचा मुलगा शिकायला अमेरिकेला गेला. तेलीबांध्याच्या घरात मग आम्ही दोघंच उरलो.

दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. आधी हे बोलायचे. मला फोनवर बोलायला जमत नाही, समोर माणूस नसला की शब्दच अडतात. यांचं झालं की मी रिसीव्हर घ्यायची, "जेवला का?" विचारायची. तो "हव" म्हणायचा आणि मग आम्ही मायलेक दोघंही गप्प. तो माझ्यावरच गेला आहे.

त्या हिवाळ्यात तो यांना म्हणाला, "बाबा, मी परत येतो. इथं कोणी माझ्याशी बोलत नाही."

हे म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत पाहा. नाहीच जमलं तं ये."

तो यावा असं मला वाटत होतं, आणि असा तोंड पाडून येऊ नये असंही वाटत होतं. शिक्षण अर्धं टाकून आला असता तर पुढं कितीतरी वर्षं खाली मान घालून फिरला असता. मी ओळखते ना त्याला.

फेब्रुवारीत त्याला कॉलेजातच काम मिळालं. कॉलेजच्या बेसबॉल संघाचे कपडे धुवायचे, चेंडू गोळा करायचे, पाणी भरून ठेवायचं. हे चिडले. "इथं सोताचा रुमाल नाही धुतला कधी, अन् तिथं जाऊन दुसऱ्याचे मोजे धुऊन राहिला."

मला मात्र बरं वाटलं, कारण आता विचारायला काहीतरी होतं. मी विचारलं, "डाग निघतात का रे?" तो म्हणाला, लाल मातीचे निघत नाहीत, पोरं पळता पळता मातीत घसरत जातात. घसरतात काहून, असं विचारलं तर त्यानं सगळा खेळच सांगितला. बॅट आहे, चेंडू आहे, स्टंप नाहीत. चेंडू मारायचा, चार कोपऱ्यांना शिवत पळायचं आणि जिथून निघालो तिथं परत आलं की एक रन. एक रविवार गेला, दुसरा गेला, आणि आमचं बोलणं लांबायला लागलं. हे आपलं बोलून, चहा संपवून, पेपर वाचून पुन्हा दाराशी उभे राहायचे. "झालं का माय-लेकराचं? मलेही दे अजून थोडा फोन."

संघ जिंकत गेला. जूनमध्ये देशभरातल्या निवडक कॉलेजांच्या मोठ्या स्पर्धेत पोचला. एकदा हरलं तर चालतं, दुसऱ्यांदा हरलं की घरी. आमचा मुलगाही संघासोबत त्या गावी हॉटेलात राहायला गेला.

मग एका सकाळी, रविवार नसताना, फोन वाजला. हे ऑफिसला गेले होते. मलाच उचलावा लागला.

"आई, मी गडबड करून ठेवली."

झालं असं होतं. संघातल्या मुख्य गोलंदाजानं आपले मोजे धुवायचे नाहीत असं सांगून ठेवलं होतं, जिंकणं सुरू झालं तेव्हापासून. आमच्या मुलाला वास सहन होईना. आमच्या घरात अंगावरून काढलेला कपडा रात्रभरही न भिजवता राहत नाही, त्या घरात तो वाढलेला. त्यानं मोजे धुऊन टाकले आणि दुसऱ्या दिवशी संघ हरला.

"तो पोट्टा बोलत नाही. कोणीच बोलत नाही. मी उद्या निघून जातो आई, सब छोड के."

फोनवर रडून काय होणार? मी म्हणाले, "घाण होते तं धुतलेच पाहिजेत. अन् एवढे जिंकून राहिले म्हणजे कोणाची तरी दृष्ट लागली असल. मी दिलेल्या मिरच्या आहेत का तुझ्याजवळ?"

गोल बाजारातून आणलेल्या लाल मिरच्या आणि मोहरी मी त्याच्या सामानात बांधून दिली होती. तिथलं जेवण सपक, म्हणून ती पुडी तो सगळीकडे नेई.

"आहेत. पण ते मानतील का?"

"जे पोट्टे न धुतलेले मोजे मानतात, ते दृष्ट मानणार नाहीत काय?"

दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. मी धावत जाऊन उचलला. हसण्यानं त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं सगळ्यांना खोलीत रांगेनं उभं केलं होतं. गोलंदाज टोपी काढून, देवळात उभा राहावा तसा उभा राहिला. मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून झाल्या, आणि खोलीतल्या शेगडीवर तव्यात टाकल्या. तिथं छताला धूर ओळखणारं यंत्र असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. भोंगा वाजला. सगळं हॉटेल रस्त्यावर. खोकणारी, डोळे चोळणारी पोरं, समोरच्या संघातली पोरं, कुत्रं काखेत घेतलेली एक म्हातारी.

मी विचारलं, "ठसका लागला का?"

"आई, पुरा हॉटेल खाली झालं."

"मंग दृष्ट नव्हतीच. लागली असती तं ठसका नसता लागला."

मग तो म्हणाला, "प्रशिक्षकांनी सगळ्यांना विचारलं, कोणी केलं हे. कोणीच माझं नाव नाही घेतलं. तो गोलंदाज म्हणाला, मी अंडी तळत होतो."

पुढचे दोन सामने जिंकले. त्यानंतर हरले आणि स्पर्धेतून बाहेर पडले.

रविवारी फोन आला तेव्हा आधी मीच घेतला. वाटलं होतं, आता परतीचं बोलेल. पण तो अर्धा तास तावातावानं सांगत होता, कोणाच्या हातून चेंडू सुटला, कोणी कुठं फेकायला हवा होता. "पुढच्या वर्षी आपला तिसऱ्या कोपऱ्यावरचा पोट्टा बदललाच पाहिजे," म्हणाला. फोन यांना द्यायचा राहूनच गेला.

हे पेपरआडून म्हणाले, "मंग, कधी येतो म्हणते?"

"येत नाही तो."

"असं म्हणाला?"

"नाही. पुढच्या वर्षी कोणाले कुठं उभं करायचं, ते सांगून राहिला होता."

यांनी पेपर बाजूला ठेवला. "हरले अन् एवढा खूश?"

"हव," मी म्हणाले, आणि तिसऱ्या कोपऱ्यावरच्या माणसाचं काम काय असतं ते त्यांना समजावायला बसले.