दिसू नये असा रंग

२००६ साल. मला सदुसष्टावं लागलं होतं आणि मी सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे बेसिंगस्टोकला आलो होतो. मुलगा-सून दोघंही कॉम्प्युटरवाले. सकाळी दोघं गाडीतून गेले की घरात मी आणि फ्रिजची घरघर. मी चौथी शिकलेला माणूस. तिथला पेपर वाचता येत नाही, गप्पा मारायला कुणी नाही. म्हणून पुढच्या खिडकीत खुर्ची टाकून बसायचो आणि गल्लीवर लक्ष ठेवायचो. कुणीतरी ठेवायला पाहिजेच.

शेजारचा गोरा माझ्याच वयाचा, कामातून मोकळा झालेला. त्याच्या गॅरेजचं दार नेहमी अर्धं उघडं. माणूस दार एक तर उघडतो, नाही तर लावतो. अर्धं ठेवतो त्याच्या मनात काहीतरी असतं. एके दिवशी त्या अर्ध्या दारातून रंगाचा वास आला. चाळीस वर्षं मी साताऱ्याबाहेर हायवेला ट्रकच्या बॉड्या रंगवल्या. तो वास आल्यावर मी खुर्चीत बसणं शक्य नव्हतं.

कुंपणापाशी जाऊन पाहिलं. त्याने जमिनीवर कागद अंथरला होता आणि त्यावर एक बसायची पेटी ठेवली होती, झाकणावर बसायचं आणि आत सामान ठेवायचं, तशी. फवाऱ्याच्या रंगाचे डबे खडखड हलवून तो तिच्यावर हिरवा, तपकिरी, काळा असे डाग मारत होता. मागे भिंतीला एक उंच लोखंडी कपाट, त्याला दोन कुलपं. मी पाहतोय म्हटल्यावर त्याने हात हलवला आणि हसला. मला ते हसणं काही पटलं नाही.

संध्याकाळी मुलाला सांगितलं, "शेजारी बंदुका आहेत."

"आहेत ना. लायसन्स आहे त्यांचं. पोलीस येऊन कपाट बघून जातात. ते शेतावर कबुतरं मारायला जातात, बाबा. पिकं खातात म्हणून शेतकरीच बोलावतात."

"मग पेटी कशाला रंगवतो?"

"कबुतरांना दिसू नये म्हणून. कॅमोफ्लाज म्हणतात त्याला, मिलिटरीसारखं."

"कबुतरांना दिसू नये. आणि पोलिसांना?"

"बाबा!"

सून पोळ्या लाटता लाटता हसली. मी हसलो नाही. आमच्याकडे पोरं गलोलीने कबुतर पाडायची, त्यांनी कधी चड्डी हिरवी केली नव्हती.

पण खरं सांगायचं तर बंदुकीपेक्षा मला त्याचा हात खुपत होता. एकाच जागी डबा दाबून धरायचा, रंगाचे ओघळ पेटीवरून खाली. दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. कुंपणाला वळसा घालून गेलो आणि त्याच्या हातातून डबाच घेतला.

"नो," म्हटलं. "लाईक दिस."

हात आधी हलला पाहिजे, मग बोट दाबायचं. बोट सोडल्यावरही हात चालूच. तो बघत राहिला. मग त्याने पेटी माझ्याकडे सरकवली आणि दुसऱ्या दिवशी एक बादली आणून दिली. त्यानंतर घडीची काठी, थर्मास, खऱ्या कबुतरांना भुलवायला मांडतात ती लाकडाची खोटी कबुतरं ठेवायची टोपली. सगळं सामान आमच्या गॅरेजमध्ये आलं.

मी ते काम जीव लावून केलं. आधी सुक्या गवताचा रंग. तो वाळला की त्यावर पाला ठेवायचा आणि वरून गडद रंग मारायचा. पाला उचलला की पाल्याचा आकार खाली तसाच राहतो. इथल्या झाडांची पानं फार मोठी, पेटीवर भोपळ्याच्या वेलासारखी दिसायला लागली. मग सुनेने लंडनच्या एजवेअरहून आणलेली शेपूची जुडी फ्रिजमधून घेतली. शेपूची नक्षी अशी उठली की पेटी बांधावर ठेवली तर बांधच वाटावी.

"बाबा, शेपू कुठे गेला?"

"मला काय विचारतेस? नवऱ्याला विचार. त्याला कधीच आवडत नव्हता शेपू."

शेवटचा हात लॅकरचा. हे मला कुणी शिकवायचं कारण नाही. शेजाऱ्याचे डबे सगळे मेलेल्या रंगाचे, वाळले की राखेसारखे. मी मुलाला गाडीच्या सामानाच्या दुकानातून लॅकर आणायला लावलं आणि प्रत्येक वस्तूवर दोन हात दिले. माझ्या रंगात बघून ड्रायव्हर लोक भांग पाडायचे. हातातून काम बाहेर जाईल ते तसंच जाईल, पेटी असो नाहीतर दहाचाकी.

पेटी दिली तेव्हा शेजाऱ्याने ती सगळीकडून फिरवून पाहिली. मग म्हणाला, "लव्हली."

बादली दिली, लव्हली. थर्मास दिला, ब्रिलियंट. काठी दिली, लव्हली, अंगठा वर. व्हिसावर काम करून पैसे घ्यायचे नाहीत असं मुलाने बजावलं होतं, म्हणून तो टोमॅटो द्यायचा. टोमॅटो चांगले होते. पण माझ्या मनात किडा शिरला. चाळीस वर्षांत मला असं गिऱ्हाईक भेटलं नाही. आमचं गिऱ्हाईक येतं ते ओरडतच येतं. इथे दाणा राहिला, तिथे पट्टा वाकडा, मिस्त्री डोळे गहाण ठेवले होते काय! मग आपणही दोन शब्द सुनवायचे. त्याच्या डोळ्यांत काम भरलं असेल तर तो ओरडून का होईना, पुढच्या ट्रकला परत येतो. हा मात्र नुसता लव्हली. एक खोट काढत नाही असा माणूस एक तर आंधळा, नाहीतर खोटा.

मग एका संध्याकाळी मुलगा आणि तो कुंपणापाशी बोलताना दिसले. मी बाहेर आलो आणि दोघंही गप्प झाले. मुलगा एकदम म्हणाला, "थंडी पडली, नाही का?" सप्टेंबर होता. मी बनियनवर होतो.

जेवताना विचारलं, "काय बोलत होतास त्याच्याशी?"

"काही नाही. असंच."

त्याने "काही नाही" फार लवकर म्हटलं. आणि सून आमटीत डाव फिरवत राहिली, आमटी काही लागत नव्हती.

त्यानंतर मी बारीक नजर ठेवली. शनिवारी दुपारी शेजारी शेतावरून आला. बूट चिखलाने भरलेले, गाडीत मारलेली कबुतरं. त्याने पेटी काढून गॅरेजमध्ये नेली. ती माझी नव्हती. दुसरीच होती, जुनी, कोपरे झिजलेली. रविवारी तो कचऱ्याचा डबा ठेवायला पुढे गेला तेव्हा मी त्या अर्ध्या दारातून आत डोकावलो. मागच्या कोपऱ्यात एक चादर. चादर उचलली. खाली माझी पेटी, माझी बादली, माझी काठी. कशालाही चिखलाचा ठिपका नाही. जशी दिली तशी, चकचकीत.

मला कळलं की हे काम नव्हतं. लहान मूल रडू नये म्हणून त्याच्या हातात झारा-पळी देतात, तसं होतं ते.

मी चादर हातात घेऊन तसाच घरात गेलो आणि मुलाला म्हटलं, "चल. तूही चल, सूनबाई. मला त्याला चार शब्द विचारायचेत आणि माझी इंग्रजी तेवढी पुरायची नाही."

"बाबा, आत्ता नको."

"आत्ताच. नाहीतर मी माझ्या इंग्रजीत विचारतो. मग तुम्हाला राहायचंय इथे."

दोघंही निमूट आले. शेजारी गॅरेजपाशी उभा होता, चादर माझ्या हातात बघून लाल झाला.

मी सुनेला म्हटलं, "विचार त्याला. हे सामान वापरायचं नव्हतं तर माझ्याकडे दिलं कशाला?"

तिने विचारलं. त्याने माझ्याकडे नाही, मुलाकडे पाहिलं. आणि मुलगा बूट बघायला लागला.

"बोल," मी मुलाला म्हटलं.

"बाबा, पहिली पेटी तुम्ही स्वतःच घेतलीत. नंतरचं मी सांगितलं त्यांना. तुम्ही दिवसभर खिडकीत बसता, म्हणून म्हटलं, काहीतरी द्या बाबांना. आणि काही बोलू नका, ते मनाला लावून घेतात."

"मी मनाला लावून घेतो?"

सुनेने भुवया वर केल्या.

मी म्हटलं, "सूनबाई, त्याला सांग. माझा मुलगा मूर्ख आहे. आता तू खरं बोल. कामात खोट काय आहे ते तोंडावर सांग. आमच्याकडे गिऱ्हाईक शिव्या देतं. त्याने एक तरी द्यावी."

"शिव्या द्या असं कसं सांगू मी, बाबा?"

"मग नुसतं खरं बोलायला सांग."

तिने सांगितलं. शेजाऱ्याने माझी पेटी कोपऱ्यातून उचलली, बाहेर उन्हात आणून ठेवली आणि तिच्याकडे बोट करून बोलायला लागला. आधी हळू, मग जोरात. हात वर आभाळाकडे, मग पेटीकडे, मग परत आभाळाकडे. उन्हात पेटी नव्या गाडीसारखी लखलखत होती.

"काय म्हणतोय?"

सून चाचरत म्हणाली, "ते म्हणतात, पानांची नक्षी खरंच छान आहे. पण थोडीशी चमक..."

"थोडीशी नाही. मी 'ब्लडी' ऐकलं. नीट सांग."

तिने सांगून टाकलं. "ते म्हणतात, ही ब्लडी पेटी आरशासारखी चमकते. पहिल्याच दिवशी नेली होती, मग पुसून ठेवून दिली. सकाळपासून एक कबुतर जवळ आलं नाही. सगळी लांबूनच वळत होती. शिकारीतला जोडीदार म्हणाला, दिवा लावून बसलायस का."

मला हसू आलं. मी दाबलं. एवढ्यात हार मानायची माझी पद्धत नाही.

"चमक नाही तर रंग कसला?" मी म्हटलं. "त्याला सांग, ह्या हातांनी रंगवलेल्या गाड्या मुंबईहून दिल्लीला जात होत्या."

तिने सांगितलं. शेजारी म्हणाला, आणि हे मला तिच्याशिवाय कळलं, "आय डोन्ट वॉन्ट अ लॉरी!"

"मग आधी सांगायचं होतंस, येड्या!" मी मराठीतच ओरडलो. तोही काहीतरी ओरडला. मुलगा मध्ये पडायला आला, त्याला आम्ही दोघांनीही हाताने बाजूला केलं. बराच वेळ तो त्याच्या भाषेत आणि मी माझ्या भाषेत. किती दिवसांनी कुणी माझ्याशी असं भांडत होतं.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, चुकलं माझं."

"पुन्हा माझ्या गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही," मी म्हटलं. "आणि वॉटर पेपर आणून दे. बारीक."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कामाला गेल्यावर मी शेजाऱ्याचं सगळं सामान माझ्या दारात आणून मांडलं, बादलीत पाणी घेतलं आणि वॉटर पेपर भिजवून पेटीची चमक घासायला बसलो. स्वतःच्या हाताने दिलेलं लॅकर स्वतःच काढणं सोपं नसतं. एक बाजू झाली तेव्हा शेजारी चहाचा कप घेऊन आला. वाकला, पेटी उन्हाकडे तिरकी केली, बोट फिरवलं आणि मान हलवली.

"नो," म्हणाला. "स्टिल शायनी."

मी त्याच्या हातातून चहा घेतला, कडेला ठेवला आणि तीच बाजू पुन्हा घासायला घेतली.