पुढच्या पाळीच्या माणसासाठी

अण्णा मशीनला हात लावण्याआधी कान लावत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं अशी ऐकण्यात काढली. निवृत्तीनंतर माझ्या खोलीतला पंखाही त्यांनी असाच ऐकला आणि म्हणाले, "आणखी दोन महिने." पंख्याने शब्द पाळला.

राजाजीनगरात मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. पुण्याहून आलोय, हे मी पहिल्याच दिवशी थोड्या ऐटीत सांगितलं होतं. त्यांचं मराठी घराणं चारशे वर्षांपासून इथलं. "असू दे की. आम्ही स्वल्प आधी आलो," एवढंच म्हणाले.

कारखान्यात पाळी संपली की ते वहीत चार ओळी लिहीत: मशीन कुठे कुरकुरतंय, काय केलं, काय बघायचं. पुढच्या पाळीच्या माणसासाठी. घरची भाषा मराठी, पण वह्या कन्नडमध्ये. पुढची पाळी कन्नड होती. अशा अकरा वह्या त्यांच्या कपाटात होत्या. जुनी लेथ मशीनं अजून चालतात, ती ओळखणारी माणसं मात्र घरी बसलीत. त्यात अण्णांना काचबिंदू. वर्षभरात अक्षर दिसेनासं होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी वह्या कुणालाही वाचता येतील अशा ठेवायच्या, हा त्यांचा ध्यास.

मी फुकटातला ब्लॉग सुचवला.

"फुकट म्हणतोस, मग मालक कोण?"

मग मी दुसरा मार्ग समजावला: मजकूर साध्या फाइलींत लिहायचा, एक प्रोग्रॅम त्याची पानं काढतो, ती पानं नेटवर नुसती ठेवून द्यायची.

"त्यात सारखं चालू काय असतं?"

"काहीच नाही, अण्णा."

"मग बिघडणार काय? सरी, हेच कर."

व्हाइटफील्डच्या आमच्या ऑफिसात, सारखं चालू असलेलं बिघडू नये म्हणून चाळीस माणसं बसतात. अण्णांचा प्रश्न मी तिथे विचारला नाही.

सरकत्या फोटोंची एक दिमाखदार सजावट मी लावली, तेव्हा म्हणाले, "हे काय, लग्नाचा मंडप?" उतरवावी लागली. राहिलं पांढरं पान आणि मोठं काळं अक्षर. भिंग धरून, एका बोटाने, सगळं ते स्वतःच टाइप करत. मला कन्नड वाचता येत नव्हतं, त्यामुळे माझा उपयोग पंख्याइतकाच.

सहा वह्या झाल्यावर त्यांनी तीन आठवडे जुन्या नोंदींतल्या चुका सुधारल्या, पण थेट तयार पानांवर. मग नवी नोंद घातली. प्रोग्रॅमने मूळ फाइलींवरून सगळी पानं पुन्हा काढली आणि तीन आठवडे पुसले गेले. मी आधी सांगायला हवं होतं. तसं म्हणालोही.

"हो, तू सांगितलं नाहीस," अण्णा म्हणाले. "पण साचा तसाच ठेवून मालावर कानस मारत बसलो मी. याच गोष्टीसाठी आयुष्यभर लोकांना शिव्या घातल्या." आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी पहिली वही उघडली.

ते तीन आठवडे शेवटी कमी पडले. अकरावी वही निम्मी झाली आणि अक्षर दिसेनासं झालं. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी चार ओळींची एक नोंद घातली होती. त्यातला फोन नंबर तेवढा मला वाचता आला. अर्थ विचारला, तर म्हणाले, "लिहिलंय की मला आता दिसत नाही, ऐकू येतं. ज्याचं मशीन अडलंय त्याने फोन करावा आणि मशीनजवळ धरावा."

फोन येऊ लागले. पहिला हुबळीहून. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं आणि कन्नडमध्ये दोन शब्द बोलले. पलीकडे कुणीतरी हसलं.

मी पुण्याला परत आलो, त्याला दीड वर्ष झालं. साइट आहे तिथेच आहे. बिघडण्यासारखं त्यात काही नाही. परवा अण्णांना फोन केला.

"कसा आहेस?"

"मजेत."

पलीकडे ते ऐकत होते. डोळे मिटायची आता गरज नाही, तरी मिटले असणार.

"नाहीस," अण्णा म्हणाले. "बोल."